मग प्रिंटिंगसाठी कोणता सब्लिमेशन प्रिंटर घ्यायचा? महाड-पोलादपूरच्या हिशेबाने



गेल्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच आहे. "ताई, मग प्रिंटिंग चालू करायचंय, प्रिंटर कोणता घेऊ?" प्रश्न छोटा आहे. पण विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मुद्रा लोनसाठी कोटेशनसुद्धा आणलेलं असतं आणि त्यात निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या प्रिंटरची असते. शिशु गटात कर्ज मिळतं जास्तीत जास्त ५०,००० रुपये. त्यातले अठ्ठावीस-तीस हजार प्रिंटरला गेले, तर प्रेस, कोरे मग, कागद, खोकी आणि पहिल्या दोन महिन्यांचं दुकानभाडं कशातून निघणार? म्हणून आज फक्त प्रिंटरवर बोलूया. आणि तेही आपल्या भागाचा विचार करून, कारण दिल्लीच्या कोरड्या हवेत बसून केलेला रिव्ह्यू महाडच्या जुलै महिन्यात कामाला येत नाही.

उत्तर आधी सांगते, मग कारणं. (हा मग चहाचा नव्हे!)

फक्त मगच छापणार असाल आणि रोजची ऑर्डर दहा-पंधरा मगांच्या आतली असेल, तर ए४ आकाराचा, चार रंगांचा, इंक टँकवाला एप्सन घ्या. एल३२१० किंवा त्याच गटातला कुठलाही. नवा कोरा घ्या आणि पेटीत आलेली शाई त्यात भरू नका. सहा रंग, ए३, वायफाय हे सगळं नंतर. वाचलेले पैसे चांगल्या शाईत आणि कोऱ्या मगांत घाला.

आता हे असं का, ते बघू.

हेड गरम होणारा की न होणारा

सब्लिमेशनची शाई म्हणजे पाण्यात मिसळलेले रंगाचे अगदी बारीक कण. कागदावर छापल्यावर ती नुसती वाळते. पुढे प्रेसमध्ये १८० अंशांच्या आसपास उष्णता लागली, की हे कण न वितळता थेट वाफ होतात आणि मगावरच्या पॉलिस्टरच्या थरात शिरतात. थंड झाल्यावर रंग त्या थराच्या आत अडकतो, म्हणून घासला तरी जात नाही. भांड्यांच्या दुकानातला साधा पांढरा मग यासाठी चालत नाही, तोही याचमुळे. त्यावर तो थरच नसतो. आणि या शाईत पांढरा रंग नसतो. डिझाइनमध्ये जिथे पांढरं हवं, तिथे मगाचाच पांढरा दिसतो. काळ्या किंवा गडद मगावर छापायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

उष्णता लागली की काम करणारी ही शाई आहे, मग ती प्रिंटरच्या हेडमध्येच तापली तर? एचपी आणि कॅननच्या घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये शाई आतल्या आत क्षणभर खूप तापवून, बुडबुडा करून बाहेर फेकली जाते. सब्लिमेशनच्या शाईला ते मानवत नाही. काही दिवसांत हेड चोंदतं. एप्सनचं हेड वेगळं आहे. त्यात पिझो नावाचा भाग असतो, तो विजेने किंचित वाकतो आणि शाई ढकलतो. तापवातापवी नाहीच. ब्रदरच्या इंकजेटमध्येही पिझो हेडच असतं. पण आपल्याकडे सब्लिमेशनची शाई, तिचं कलर प्रोफाइल, सुटे भाग आणि "हे असं का होतंय" ते सांगणारा माणूस, हे सगळं एप्सनसाठी पटकन मिळतं. कंपनीचं प्रेम म्हणून नव्हे, या सोयीसाठी मी एप्सन सांगते.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही ती ऐकून ठेवा. एल३२१० सारखे प्रिंटर कंपनी सब्लिमेशनसाठी विकत नाही. ते साध्या छपाईचे आहेत, त्यात आपण आपल्या जबाबदारीवर दुसरी शाई भरतो. त्या शाईमुळे काही बिघडलं तर वॉरंटी मिळत नाही. म्हणजे तेरा हजारांचा प्रिंटर घेतलात काय आणि अठ्ठावीस हजारांचा घेतलात काय, शाई भरल्या क्षणापासून तो बराचसा तुमच्या भरवशावर आहे. जोखीम दोन्हीकडे सारखी असेल, तर ती कमी पैशांवर घ्यावी, एवढं साधं गणित आहे.

ए३ चा मोह

कोरा मग मोजायच्या टेपने एकदा मोजा. नेहमीच्या ११ औंसाच्या, म्हणजे सव्वातीनशे मिलीच्या मगाची उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास असते. कानाची जागा सोडली की डिझाइन बसतं ते साधारण २० बाय ९ सेंटिमीटरमध्ये. (कारखान्यागणिक दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून नवीन लॉट आला की आधी टेप लावायची.) ए४ कागद २१ बाय २९.७. त्यावर आडव्या तीन पट्ट्या आरामात बसतात. एक कागद, तीन मग.

मग ए३ कशाला? "मोठा कागद, जास्त मग, जास्त स्पीड" असं वाटतं, पण वेळ प्रिंटरमध्ये जात नाहीच. चांगल्या क्वालिटीत एक ए४ छापायला दोन-चार मिनिटं. त्या कागदावरचे तीन मग एका प्रेसवर एकामागून एक दाबायला दहा-बारा मिनिटं, कारण प्रत्येकाला तीन मिनिटं उष्णता आणि वर टेप लावणं, काढणं, गार करणं. म्हणजे प्रिंटर काम संपवून बसलेला असतो आणि प्रेस धापा टाकत असते. तासाला बारा मग धरले तर शंभर मगांची ऑर्डर म्हणजे पूर्ण दिवस. वेग वाढवायचाच असेल, तर ए३ प्रिंटरच्या जादा पैशांत दुसरी मग प्रेस घ्या. खरा फरक तिथे पडतो.

ए३ ला अर्थ आहे तो कबड्डीच्या जर्सीसाठी. आपल्या रायगडात कबड्डीचे संघ गावोगाव आहेत, दहीहंडीच्या पथकांनाही टी-शर्ट लागतात. पण ते कापड पॉलिस्टरचं पाहिजे, सुती कापडावर हा रंग बसत नाही. वर सपाट मोठी प्रेस पाहिजे, ती वीज भरपूर खाते. दोन-तीन मंडळांची ऑर्डर हातात असेल, थोडा ॲडव्हान्स खिशात असेल, तर ए३ चा विचार करा. "पुढे कधीतरी टी-शर्ट पण करू" एवढ्यावर आज जादा पैसे घालू नका.

भगवा, निळा आणि आजोबांचा फोटो

चार रंग की सहा, यावर बराच वाद घालता येतो. सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये, म्हणजे आधीचा एल८०५ किंवा आत्ताचा एल८०५०, नेहमीच्या चार रंगांशिवाय फिकट निळा आणि फिकट गुलाबी अशा दोन शाया जास्त असतात. त्यामुळे गालावरची सावली, आकाशाचा फिकट होत जाणारा रंग अशा जागी ठिपके दिसत नाहीत. कागदावर भिंग धरलं तर फरक दिसतो. पण मगावर रंग वाफ होऊन थरात थोडा पसरतोच, आणि गिऱ्हाईक मग हातभर अंतरावरून बघतं. लग्नाच्या फोटोंचंच काम करणार असाल, स्टुडिओवाले तुमचं गिऱ्हाईक असतील, तर सहा रंग घ्या. नावं, लोगो, सुविचार, किल्ल्याची चित्रं, ऑफिसच्या ऑर्डरी यांना चार रंग पुरतात.

त्यापेक्षा मोठा प्रश्न रंग बरोबर येतो का, हा आहे. आणि आपल्याकडे त्याची परीक्षा ठरलेली आहे.

महाडला वर्षात दोन वेळा गर्दी उसळते. २० मार्चला चवदार तळ्यावर, १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी. आणि ६ जूनला रायगडावर, राज्याभिषेकासाठी. तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पुन्हा. एका गर्दीचा रंग निळा, दुसऱ्या गर्दीचा भगवा. पाचाडच्या किंवा रोपवेखालच्या दुकानात तुमचा मग ठेवायचा असेल आणि त्यावरचा भगवा विटकरी आला असेल, तर दुकानदार तो परत करेल. २० मार्चच्या स्टॉलवर निळ्याऐवजी जांभळा मग ठेवलात, तर लोक हातात घेऊन खाली ठेवतील. आणि सब्लिमेशनमध्ये नेमकं हेच होतं. प्रोफाइल चुकलं की निळा जांभळ्याकडे सरकतो, भगवा मळकट होतो. प्रेसचं तापमान किंवा वेळ चुकली की काळा तपकिरी दिसतो. प्रिंटर तेरा हजारांचा असो की तीसचा, हे दोघांनाही होतं.

म्हणून शाई घेताना व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "या शाईचं माझ्या मॉडेलसाठी आयसीसी प्रोफाइल देणार का?" प्रोफाइल म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली एक छोटी फाइल. ही शाई या कागदावरून मगावर गेल्यावर कशी दिसते, ते तिच्यात नोंदलेलं असतं, त्यामुळे छापण्याआधीच रंग सुधारून पाठवले जातात. नाही म्हणाला, तर दुसरा व्यापारी बघा. मग एका कागदावर तीन पट्ट्या करा: भगवा, निळा आणि एक जुना कृष्णधवल फोटो. तिन्ही मगावर उतरवून दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. हे तीन जमले की बाकीचे रंग आपोआप जमतात, असा माझा अनुभव आहे. आणि हो, कागदावर छापलेलं अगदी फिकट, मेलेलं दिसतं. घाबरू नका, खरा रंग उष्णता लागल्यावरच उघडतो.

वायफायचंही इथेच सांगते. मोबाइलवरून छापता येतं म्हणून लोक जादा पैसे देतात. पण मोबाइलच्या ॲपमधून छापताना हे प्रोफाइल लागत नाही, मापही हवं तसं हातात राहत नाही. मगाचं काम कॉम्प्युटरवरूनच करायचं, आणि चित्र उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं छापायचं. तिथे एक साधी केबल पुरते.

स्कॅनर मात्र घ्या. पोलादपूरच्या वरच्या गावांतून येणारा माणूस पेनड्राइव्ह घेऊन येत नाही. तो आजोबांचा कोपरे दुमडलेला पासपोर्ट फोटो घेऊन येतो, किंवा आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. गणपतीला मुंबईहून भाऊ येणार, त्याला द्यायचा असतो. त्या फोटोचा मोबाइलने फोटो काढलात तर चकाकी येते, कडा वाकड्या होतात. एल३२१० ला स्कॅनर आहेच. फक्त त्याच मशीनवर आधार कार्डाच्या झेरॉक्सचं काम करू नका. सब्लिमेशनच्या शाईने साध्या कागदावर फिकट छापतं. झेरॉक्सला वेगळं मशीन.

जाता जाता, महाराजांचं चित्र गूगलवरून उचलून मगावर टाकू नका. ते कुठल्यातरी चित्रकाराने काढलेलं असतं आणि त्याचा त्यावर हक्क असतो. टकमक टोकाचा, नगारखान्याचा फोटो स्वतः काढा, किंवा गावातल्या एखाद्या मुलाकडून पैसे देऊन रेखाचित्र करून घ्या. तेच मग इतरांपेक्षा वेगळे दिसतात आणि खपतात.

शंभर मगांचा हिशेब

बीबीएला ब्रेक-इव्हन पॉइंट पाच मार्कांना यायचा, आम्ही पाठ करून जायचो. तोच आता रोज लागतो. खाली घेतलेले भाव हिशेबापुरते आहेत, तुमच्या व्यापाऱ्याचे भाव घालून पुन्हा मांडा.

कोरा मग गाडीभाड्यासकट ८० रुपये. खोकं १२ रुपये. कागद ए४ ला साडेचार रुपये धरला तर मगामागे दीड रुपया. एका मगाला शाई साधारण पाव मिलिलिटरच्या आसपास लागते, म्हणजे एक रुपया. टेप आणि वीज मिळून आठ आणे. झाले ९५. वीसात एक मग फुकट जाणार असं धरा, त्याचे मगामागे पाचेक रुपये. शंभर रुपयांत मग तयार. कंपनीला किंवा शाळेला घाऊक १५० ला दिलात तर सुटतात ५० रुपये.

प्रिंटर १३,००० चा असेल तर तो वसूल व्हायला २६० मग. २८,००० चा असेल तर ५६०. मधला फरक ३०० मगांचा आहे. दुकान उघडल्यावर पहिल्या वर्षात तीनशे मग जादा विकणं म्हणजे काय, ते महाडच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा.

पण या हिशेबात याहून महत्त्वाची गोष्ट शाईच्या ओळीत आहे. स्वस्त शाई समजा दीड रुपया मिली, चांगली शाई चार रुपये मिली. मगामागे फरक पडला साठ-सत्तर पैशांचा. शंभर मगांमागे साठ-सत्तर रुपये. म्हणजे एक कोरा मग! स्वस्त शाईने शंभरातला एकच मग जादा नासवला, तरी बचत संपली. आणि हेड चोंदलं तर काय, ते बोलायलाच नको. लोक प्रिंटरवर सढळ हाताने खर्च करतात आणि शाईत घासाघीस करतात. करायचं आहे ते बरोबर याच्या उलट.

एक लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. या शाईतले कण तळाशी बसतात, शाईला मुदतही असते. सुरुवातीला शंभर मिलीचा चार रंगांचा सेट पुरे, टाकीत भरण्याआधी बाटली हलक्या हाताने खालीवर करायची.

आपला पाऊस, आपली लाइट

आता खरा विषय. महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. आणि नेमकं त्याच वेळी आपलं गिऱ्हाईक घटतं. लग्नसराई संपलेली, ६ जून होऊन गेलेला, घाट बंद, गणपतीला अजून वेळ. प्रिंटर दोन-दोन आठवडे झाकून ठेवला जातो. सब्लिमेशनचे प्रिंटर मरतात ते जास्त कामाने नाही, असे बसून मरतात. शाई हेडच्या बारीक भोकांत वाळते. मग हेड क्लीनिंग, पुन्हा क्लीनिंग. प्रत्येक क्लीनिंगला शाई वाया जाते, ती आतल्या स्पंजच्या पॅडमध्ये साठते. पॅड भरल्याचं मशीनने मोजलं, की ते दिवे लुकलुकवून थांबतं. म्हणून घेतानाच विचारा, यात वाया गेलेल्या शाईचा पॅड आहे की बदलता येणारा बॉक्स, आणि तो इथे कोण बदलून देतो. पॅडचा आकडा शून्यावर आणणारी फुकट सॉफ्टवेअर नेटवर सापडतात. त्यातून कॉम्प्युटरमध्ये व्हायरस येऊ शकतो, आणि आकडा शून्य झाला तरी पॅड भरलेलाच असतो. एक दिवस शाई खाली टेबलावर येते.

उपाय सोपा आहे. दर दोन दिवसांनी एक छोटी पट्टी छापायची, सगळे रंग असलेली, साध्या कागदावर. ऑर्डर असो नसो. देवापुढे दिवा लावतो तसं. आणि इथेच चार रंगांचा फायदा पुन्हा दिसतो: चोंदायला सहाऐवजी चारच नळ्या.

दुसरं, लाइट. आपल्याकडे पावसात लाइट गेली की लोक सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतात. एप्सनच्या प्रिंटरला हे घातक आहे. प्रिंटरवरचं बटण दाबून बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, त्यामुळे शाई वाळत नाही. छापताना मध्येच वीज गेली तर हेड मध्येच उघडं राहतं. रात्रभर लाइट आली नाही तर सकाळी रेघा तुटलेल्या येतात. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस असेल तर प्रिंटर त्यावर घ्या. असा प्रिंटर वीज अगदी थोडी घेतो, चालू पान संपवून नीट बंद करण्याएवढा वेळ सहज मिळतो. मग प्रेस त्या यूपीएसवर लावू नका, ती साडेतीनशे-चारशे वॉट ओढते. तिला घरचा इन्व्हर्टर झेपतो का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. नाहीतर लाइट येईपर्यंत प्रेसचं काम थांबवा. अर्ध्यात उष्णता तुटलेला मग दुरुस्त होत नाही.

तिसरं, कागद. सब्लिमेशनचा कागद दमट झाला की छापलेलं पसरतं, आणि प्रेसमध्ये पाण्याची वाफ होऊन डिझाइनच्या कडेला निळसर धूर बसल्यासारखा दिसतो. लोक याचा दोष प्रिंटरला देतात आणि नवीन प्रिंटर शोधायला लागतात! कागद पापड-कुरडयांसारखा जपायचा. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. लागतील तेवढेच कागद काढायचे. छापून झालेली पट्टी आणि मग, दोन्ही प्रेसजवळ थोडा वेळ कोमट होऊ द्यायचे. जून उजाडायच्या आत कागद आणि मग भरून ठेवा. आंबेनळी किंवा वरंध घाट बंद झाला की पार्सल फिरून येतं, आणि फिरून आलेल्या खोक्यात फुटके मग जास्त निघतात.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडमध्ये शिरलं, बाजारपेठेतली तळमजल्यावरची दुकानं मालासकट गेली. त्यानंतर इथे दुकान मांडणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: रात्री दोनला भोंगा झाला तर मी एकट्याने काय काय वर नेऊ शकतो? एल३२१० सारखा प्रिंटर चार किलोच्या आसपास आहे. एक बाई एका हातात प्रिंटर, दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन जिना चढू शकते. मोठा ए३ प्रिंटर तसा उचलता येत नाही. टाकीची झाकणं घट्ट लावायची आणि प्रिंटर आडवा-तिरका न करता, पाण्याची कळशी नेतो तसा सरळ न्यायचा, नाहीतर शाई आतल्या आत सांडते. कोरे मग पाण्यात राहिले तरी धुऊन, वाळवून बरेचसे वापरता येतात. कागद आणि मशीन नाही. दुकानाचा विमा काढताना पॉलिसीत पूर हा शब्द आहे का, तो स्वतः वाचा.

जुना मिळतोय, घेऊ का?

स्टुडिओवाले जुने एल८०५, एल१८०० काढून टाकतात, त्यांची विचारणा बरीच येते. ही मॉडेलं आता नवीन येत नाहीत, म्हणजे सुटे भाग दिवसेंदिवस अवघड होणार. तरी बघायला जायचंच असेल तर समोर उभं राहून नोझल चेकचं पान काढायला लावा. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी येते. एकही रेघ तुटकी असेल तर हात जोडा आणि निघा. "एक क्लीनिंग मारलं की येईल" यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी मारावं आणि दाखवावं. शिवाय त्यात आधी फोटोची साधी शाई असेल, तर टाक्या आणि नळ्या पूर्ण धुऊन काढाव्या लागतात. जरा जरी जुनी शाई राहिली तरी पहिल्या पन्नास मगांचे रंग बिघडतात. नवीन हेडचा खर्च ऐकलात की नवीनच प्रिंटर घ्यावासा वाटतो, म्हणून मी जुन्याच्या फंदात पडू नका असंच सांगते.

दुसऱ्या टोकाला, एप्सनचा शुअरकलर एफ मालिकेतला छोटा प्रिंटर आहे. तो कारखान्यातूनच सब्लिमेशनचा म्हणून येतो, शाई कंपनीची, वॉरंटीही त्याच कामाची. तो काही पटींनी महाग पडतो. महाड एमआयडीसीतल्या दोन-तीन कंपन्यांचं काम नियमित मिळत असेल, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला पाचशे मग, दिवाळीला पाचशे, तर तो जरूर बघा. तिथे ऑर्डर वेळेवर न देणं परवडत नाही आणि मशीन बंद पडल्यावर जबाबदारी घेणारा कुणी असणं याला किंमत आहे. पहिल्या वर्षी मात्र नाही.

घेताना आणि घेतल्या दिवशी

ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त मिळतो हे मलाही माहीत आहे. तरी महाडच्या किंवा माणगावच्या ओळखीच्या दुकानातून घ्या आणि पैसे देण्याआधी विचारा, "बिघडला तर मशीन कुठे पाठवणार, किती दिवसांत परत?" पनवेल, पुणे, मुंबई, उत्तर काहीही असो, गणपतीच्या आधी आठ दिवस मशीन नसलं तर तुमचं काय होईल याचा अंदाज तेव्हाच येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, कर्जाच्या फाइलला लागतंच.

पेटी उघडल्यावर आतल्या शाईच्या बाटल्या बाजूला ठेवा, ओळखीच्या झेरॉक्सवाल्याला विकून टाका. टाक्यांवर रंगांची नावं बघून पहिल्यापासून सब्लिमेशनचीच शाई भरा. एकदा भरली की हा प्रिंटर कायमचा सब्लिमेशनचा, मुलाच्या प्रोजेक्टची पानं त्यावर काढायची नाहीत. शाई भरल्यावर सुरुवातीचं चार्जिंग होतं, त्याला काही मिनिटं लागतात. त्या वेळात लाइट जायला नको, म्हणून हे काम यूपीएसवर. मग नोझल चेक, मग ते भगव्या-निळ्याचे तीन मग.

खरेदीची वेळ म्हणाल तर मे-जूनमध्ये प्रिंटर घेऊ नका. ६ जूनच्या घाईत शिकणं होत नाही आणि लगेच बसून राहायचे महिने लागतात. दिवाळी झाली की घ्या. हवा कोरडी असते, नोव्हेंबरात हात बसतो, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगच्या छोट्या ऑर्डरी मिळतात, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला पहिली परीक्षा होते. २० मार्चला स्टॉल लावायचा असेल तर मग फेब्रुवारीच्या शेवटी छापून खोक्यात भरलेले पाहिजेत.